सीनेच्या पाण्यातून गेलेली जिप्सी : गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल घरी बदलताना

सीनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फोर बाय फोर किंवा ऑल व्हील ड्राइव्ह गाडी असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा. माझी एक चूक थोडक्यात निभावली आणि दुसरी निभावली नाही.

गाडी २००७ ची जिप्सी किंग. राहायला जुळे सोलापुरात, शेत मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा वस्तीवर दोन म्हशी आणि सालगड्याचं कुटुंब होतं. माणसं वेळेत वर आली. म्हशीही उंचावर नेऊन बांधल्या होत्या, पण वैरण सगळी वाहून गेली. पाणी उतरायला लागल्यावर मी जिप्सीत कडबा भरून निघालो. हायवेने चांगल्या वेगात गेलो, आत वळलो आणि थेट ओढ्यात गाडी घातली. पाणी चाकाच्या मध्याच्या वर होतं. लो रेंज, दुसरा गिअर, गाडी आरामात पार झाली. परत येतानाही तसंच. पुढचे चार दिवस हेच चाललं.

नंतर इंजिन ऑइल बघितलं, एअर फिल्टर बघितला, ब्रेक साफ करून घेतले. ॲक्सलच्या आत काय झालं असेल हे मनातही आलं नाही. महिन्याभराने पुणे रस्त्याला साठच्या वर मागून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मागच्या डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मध्ये असलेला, डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) खालचा प्लग काढला तर दूध घातलेल्या कॉफीसारखं ऑइल बाहेर आलं.

हे कसं होतं ते मला नंतर कळलं. हायवेवर पळून ॲक्सलचं हाउसिंग चांगलंच तापलेलं असतं आणि आतली हवा फुगलेली असते. तसंच ते गार पाण्यात बुडालं की हवा एकदम आकसते आणि हाउसिंग बाहेरून ओढायला लागतं. ॲक्सलवर ब्रीदर असतो तो ह्याचसाठी, तिथून हवा आत यावी म्हणून. माझा ब्रीदर चिखलाने गच्च बसलेला होता. मग जिथून वाट मिळाली तिथून, म्हणजे सीलच्या (शाफ्टभोवती ऑइल अडवणारं रबरी कडं) ओठातून, पाणी आत गेलं. पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं गाडी उभी करून ॲक्सल गार होऊ दिला असता तरी बराच फरक पडला असता.

आता कामाचं.

जिप्सीत इंजिन सोडून चार ठिकाणी ऑइल असतं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणारा डबा), पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल. जिप्सीचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मध्ये छोटा प्रोपेलर शाफ्ट (जोर पोचवणारा फिरता दांडा) आहे, त्यामुळे त्याचं ऑइल पूर्ण वेगळं. साधारण मापं अशी: गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर ०.८, पुढचं डिफरन्शियल २ लिटर, मागचं १.५. पुढच्यात मागच्यापेक्षा जास्त लागतं, हे मलाही नवीन होतं. सगळं मिळून साडेपाच लिटरच्या वर जातं, म्हणून सहा लिटर आणून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि माझी पहिली चूक इथेच झाली. खालचा प्लग काढण्याआधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा प्लग उघडून बघा. मी गिअरबॉक्सचं ऑइल आधी सोडलं आणि मग वरच्या प्लगला पाना लावला. तो हलेना. रविवार, दुकानं बंद, गाडी दारात आणि गिअरबॉक्स कोरडा. गॅरेजपर्यंत चालवत नेता येत नाही, टोइंगवाला म्हणाला सोमवारी बघू. गंजरोधक फवारा रात्रभर मुरवला, दुसऱ्या दिवशी प्लगच्या डोक्यावर हातोडीचे नेमके ठोके दिले, आधी किंचित घट्ट करून मग उलटा फिरवला, तेव्हा सुटला. डोकं गोल झालं असतं तर केसिंग उतरवायची वेळ आली असती.

कामाला पहाटे साडेपाचला बसलो, कारण आपल्याकडे नऊनंतर फरशीवर पाठ टेकवत नाही. आदल्या रात्री गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली असती तरी सकाळपर्यंत ऑइल गार झालं असतं, म्हणून उठल्या उठल्या विजापूर रोडला एक फेरी मारली आणि मग अर्धा तास थांबलो. कोमट ऑइल पटकन निथळतं, गाळही सोबत घेऊन येतं. जिप्सी उंच असल्याने जॅक लावावा लागला नाही. जुना फ्लेक्स अंथरला, हँडब्रेक, गिअर आणि चारही चाकांना दगड, एवढ्यावर भागलं. जॅक न लावल्याचा दुसरा फायदा असा की गाडी सपाट राहते, आणि लेव्हल बरोबर येण्यासाठी ती सपाट असावीच लागते.

ऑइल भरायला मी जनावरांच्या औषधाच्या दुकानातून मोठी पिचकारी आणली, गुरांना औषध पाजतात ती. पुढे पारदर्शक नळी लावली. गिअरबॉक्सला बोनेटमधून नळी खाली सोडली आणि बाटली वर टांगली. ऑइल आपोआप उतरलं, वीसेक मिनिटं लागली. भरायच्या भोकातून ऑइल परत बाहेर यायला लागलं की थांबायचं, धार तुटू द्यायची आणि प्लग बसवायचा. ती पिचकारी आता गाडीच्याच डब्यात असते. गोठ्यात चुकूनही जायला नको.

आता प्रश्न. मागच्यात पाणी होतं ते ऑइल काढून नवीन भरलं, पण एकदाच बदलून पुरेल का? आणि आवाज जाईल का? जाणकारांनी सांगा.

होटगीरोड

धागा वाचनखूण करून ठेवला. माझी थार आहे. दर सर्व्हिसला इंजिन ऑइल बदलल्याची पावती मिळते, बाकीच्यांचा उल्लेखही नसतो. ९० नंबरचं एकच ऑइल सगळीकडे घातलं तर चालतं का?

नव्वद_नंबर

सीनाकाठ मालक, एकदा बदलून भागत न्हाई. मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या बाजूला पंचवीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगतो.

पाणी गेलेल्या हाउसिंगमधून सगळं ऑइल कधीच निघत न्हाई. ॲक्सलच्या नळ्यांत राहतं, बेअरिंगच्या रोलरमध्ये राहतं, खालच्या खड्ड्यात राहतं. साधं ९० नंबर भरा, पन्नास-साठ किलोमीटर चालवा, गरम गरम सोडा. पुन्हा धुरकट आलं तर अजून एकदा. स्वच्छ आलं की मग चांगलं ऑइल भरा. डिझेल किंवा रॉकेल घालून धुवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. ते आत कुठंतरी राहतं आणि नवीन ऑइल पातळ करतं. क्राऊन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचे, दात एकमेकांवर नुसते फिरत न्हाईत, घासत सरकतात. तिथं ऑइलचा थर तुटला की दात गेला.

आवाजाचं असं हाय. ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो आणि सोडला की जातो, असा आवाज असेल तर क्राऊन-पिनियनच्या दातांकडं बगा. पाय ठेवा न ठेवा, वेगाबरोबर गूं-गूं चालूच राहिली तर बेअरिंग. पाणी महिनाभर आत राहिलं म्हणजे बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडले असणार. ते ऑइल बदलून भरून येत न्हाईत. मालक, वाईट वाटू देऊ नका, पण पिनियन बेअरिंग उघडून बघायची तयारी ठेवा.

होटगीरोड, तुमच्या प्रश्नाला रात्री सविस्तर लिहितो, आत्ता गाडी लिफ्टवर आहे.

बार्शीकर_दादा

जिप्सीवाल्यांनी पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल सोडल्यावर ते मोजा. दोन लिटरच्या जागी दीडच निघालं आणि जमिनीवर गळतीचा डाग नसेल, तर ते कुठं गेलं? बहुतेक वेळा आतला ॲक्सल सील गेलेला असतो आणि ऑइल नकलमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात, उतरतं. नकलमधलं ग्रीस पातळ होतं आणि चाकाच्या आतल्या बाजूने काळं वंगण ओघळायला लागतं. लोक नकलचा बाहेरचा सील बदलतात आणि गळती परत येते, कारण मूळ आत असतं. माझ्या जिप्सीत दोनदा असं झालं, तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या फिटरने दाखवून दिलं.

सीनाकाठ

दादा, मोजलं होतं. पावणेदोन निघालं. डाव्या चाकाच्या आत ओल दिसते आहे. मी चिखल समजत होतो. उद्या पुसून बघतो.

डस्टरवाली

माझी २०१५ ची डस्टर, ऑल व्हील ड्राइव्ह, सेकंड हँड घेतलेली. जिप्सीसारखा वेगळा ट्रान्सफर केस आणि लो रेंजचा दांडा हिच्यात नाही. पुढे गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटा ट्रान्सफर बॉक्स आहे, तिथून शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक विजेवर चालणारं कपलिंग आहे. ऑटोवर ठेवलं की गरज पडेल तेव्हा ते मागच्या चाकांना जोर देतं.

घेतल्यावर मी एका सर्व्हिस सेंटरला विचारलं की मागचं ऑइल कधी बदललं होतं. उत्तर आलं, ते आयुष्यभराचं असतं मॅडम, हात लावायचा नाही. मला ते पटलं नाही. आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर? पहिल्या मालकाच्या की गाडीच्या? वडिलांना सोबत घेतलं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघांनी मागचं डिफरन्शियल केलं.

जिप्सी नसलेल्यांसाठी सांगते. आमची गाडी खाली बसून जमण्याइतकी उंच नाही. आधी आम्ही फक्त मागची बाजू उचलली. मग बाबा म्हणाले, थांब, गाडी पुढे झुकली, आता भोकापर्यंत भरलेलं ऑइल खरं किती आहे हे कसं कळणार? ते बरोबर होतं. शेवटी चारही बाजूंना घोड्या (गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड) लावल्या आणि दाराच्या उंबऱ्यावर गवंड्याची लेव्हल पट्टी ठेवून बुडबुडा मध्ये आणला. ह्यातच दीड तास गेला. ऑइल बदलायला चाळीस मिनिटं पुरली.

जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नका. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. घोड्या लावल्यावर गाडीला हाताने जोरात हलवून बघा, मगच खाली सरका. बाबांनी मला हे तीनदा करायला लावलं.

जुनं ऑइल काळं होतं, पण पाणी नव्हतं. प्लगच्या चुंबकाला राखाडी लगदा लागला होता. तो किती असला म्हणजे चिंता करायची?

नव्वद_नंबर

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. चारही घोड्यांवर लेव्हल लावून काम करणारे गॅरेजवालेसुद्धा कमी आहेत.

चुंबकावरचा बारीक लगदा, बोटात चोळला की पावडरीसारखा लागणारा, नेहमीचा असतो. दात एकमेकांवर बसतात त्याची ती भुकटी. बोटाला टोचणारे तुकडे, चमकणारे पापुद्रे, नखाएवढा कपचा निघाला तर गाडी चालवू नका. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली तर ती पितळेची, सिंक्रो रिंगची (गिअर बदलताना वेग जुळवणारं कडं) असते. पितळ चुंबकाला चिकटत न्हाई, म्हणून ऑइल पांढऱ्या डब्यात घेऊन उन्हात धरून बघायचं.

आता होटगीरोड यांचा प्रश्न, एकच ऑइल सगळीकडे. चालत न्हाई.

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. एक, जाडी: ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४०. दोन, दर्जा: जीएल-४ किंवा जीएल-५. लोक फक्त ९० बघतात. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची औषधं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. डिफरन्शियलमध्ये क्राऊन-पिनियनचे दात प्रचंड दाबाखाली सरकतात, त्यांना ती लागतात. गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंग पितळेच्या असतात. त्यांना घट्ट पकडून वेग जुळवायचा असतो. जास्त निसरडं ऑइल घातलं की पकड उशिरा बसते आणि गिअर खरडतो. शिवाय तापल्यावर गंधक पितळ खातं. म्हणून बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-४ आणि डिफरन्शियलला जीएल-५. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका, माझं न्हाई.

ट्रान्सफर केसमध्ये तर काही गाड्यांना गिअर ऑइल नसतंच, तिथं लाल एटीएफ असतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. तिथं ९० ओतलं तर आतला तेलपंप आणि साखळी दोघांचेही हाल. हॅल्डेक्स कपलिंगच्या (हेही मागच्या चाकांना गरजेपुरता जोर देणारं) गाड्यांत कपलिंगचं ऑइल वेगळं आणि त्याला चिकटलेल्या डिफरन्शियलचं वेगळं. एका घराच्या दोन खोल्या, मध्ये भिंत. प्लगही शेजारी शेजारी, म्हणून चूक होते. थारच्या मागच्या ॲक्सलमध्ये लॉकिंग डिफरन्शियल असेल तर त्याला कोणतं ऑइल चालतं ते पुस्तकात वाचूनच भरा.

होटगीरोड

काका, अजून एक. सोलापूरच्या उन्हात ७५डब्ल्यू-९० पातळ पडणार नाही का? दुकानदार १४० घ्या म्हणतोय.

नव्वद_नंबर

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापल्यावरचा. ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० दोन्ही गरम झाल्यावर सारखेच ९०. आपल्याकडं बर्फ पडत न्हाई, तेव्हा ८०डब्ल्यू-९० डिफरन्शियलला छान चालतं, पुस्तकात मंजूर असेल तर. १४० भरलेल्या ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी. रोजच्या गाडीला घातलं तर गाडी जड पळते.

आणि हे आकडे इंजिन ऑइलच्या आकड्यांशी जुळवू नका. मापनाची पट्टीच वेगळी आहे. गिअर ऑइलचं ९० तापल्यावर साधारण इंजिन ऑइलच्या ४० एवढंच जाड असतं.

सीनाकाठ

काका, तुमच्या ह्या एका पोस्टने माझं तीन वर्षांचं कोडं सुटलं. गाडीचं काम आधी ज्या गॅरेजला करून घ्यायचो, त्यांनी गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्यापासून दुसरा गिअर सकाळी खरडायचा. मला सांगितलं, जुनी गाडी आहे, क्लचची सवय बदला. मी सवय बदलली. ह्या वेळी स्वतः जीएल-४ भरलं आणि दुसऱ्याच दिवसापासून खरडणं निम्म्यावर आलं. मला वाटलं नवीन ऑइलचा गुण. आता जुनी बिलं काढून बघितली. चारही ठिकाणी एकाच कॅनमधलं जीएल-५ लावलेलं आहे. मुद्दाम कुणी केलं नसेल, पण तीन वर्षं मी माझ्याच डाव्या पायाला दोष देत होतो.

तुळजापूर_घाट

पुढचा प्रोपेलर जोडून, म्हणजे फोर व्हील लावून, कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवू नका, हे ह्याच धाग्यात यायला हवं. जिप्सीसारख्या गाडीत ट्रान्सफरच्या आत मधलं डिफरन्शियल नसतं. फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो. दांडा परत टू व्हीलला येत नाही ते ह्यामुळेच. मग सरळ रेषेत थोडं मागे घ्यावं लागतं.

बार्शीकर_दादा

ह्याची दुसरी बाजूही लिहितो. पुढचे हब (चाक शाफ्टला जोडणारी-सोडणारी कुलपं) उघडे ठेवून वर्षभर फक्त मागच्या चाकांवर चालवली तर पुढचं डिफरन्शियल फिरतच नाही. ऑइल तळाशी बसून राहतं, वरचे दात आणि सीलचे ओठ कोरडे पडतात. महिन्यातून एकदा मुरमाच्या रस्त्यावर फोर व्हील लावून दोन-तीन किलोमीटर चालवायची.

माळढोक

तांत्रिक चर्चेत मध्ये बोलतोय, पण विचारणं भाग आहे. निघालेल्या ऑइलचं काय केलंत? सीनाकाठ, तुमचे दोन-तीन वेळा बदलून आठ लिटरच्या आसपास निघेल. मी नान्नजच्या बाजूला राहतो. आमच्या ओढ्याच्या वळणावर गॅरेजवाल्यांनी ओतलेलं ऑइल आहे, तिथे दोन पावसाळ्यांत गवताची काडी उगवलेली नाही.

सीनाकाठ

खरं सांगतो. वडिलांनी मागितलं होतं. आमच्याकडे गोठ्याच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून काळं ऑइल लावायची पद्धत आजोबांपासूनची. चार लिटर त्यासाठी बाजूला काढून ठेवलंय.

माळढोक

दादा, नका लावू. जुन्या काळी बैलगाडीच्या आसाला जे वंगण लावायचे त्याची गोष्ट वेगळी. ह्या ऑइलमध्ये गंधकाची औषधं, धातूची भुकटी आणि आता तुमच्या पुराचं पाणी आहे. खांबावरून ते पावसात उतरतं आणि गोठ्याच्या जमिनीत जातं. तिथे म्हशी बसतात, खांब चाटतात. तुमची बोअर त्याच वस्तीवर आहे ना?

वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ चे नियम आहेत. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. घरच्या माणसाला सोपी वाट म्हणजे, जो गॅरेजवाला ऑइल पिंपात साठवून परवानाधारकाला देतो त्याच्याकडे नेऊन देणं. पिंप कुठे जातं हे विचारायला लाजू नका.

नव्वद_नंबर

माझ्याकडं आणा. माझं पिंप भरलं की उचलायला माणूस येतो, पावती देतो. फक्त त्यात कूलंट, पेट्रोल, ब्रेक ऑइल मिसळू नका, न्हाईतर तो घेत न्हाई. पाणी मिसळलेलं वेगळ्या कॅनमध्ये आणा. आणि कृपा करून खाण्याच्या तेलाच्या डब्यात भरून घरात ठेवू नका. ठेवलंच तर मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या गल्लीत एका घरी तसा डबा स्वयंपाकघरात पोचला होता. वासावरून ओळखलं म्हणून वाचले.

सीनाकाठ

वडिलांशी बोललो. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं नाही. म्हशी खांब चाटतात ह्या वाक्यावर गप्प झाले. रविवारी सगळं काकांकडे आणतो.

डस्टरवाली

काका, माझा एक प्रश्न राहिला. ऑटो मोडला वळताना मागून हलकासा कट-कट आवाज येतो. मागच्या वर्षी पुढचे दोनच टायर बदलले होते. त्याचा संबंध आहे का?

नव्वद_नंबर

ताई, शक्यता मोठी आहे. नव्या टायरचा घेर मोठा, झिजलेल्याचा लहान. चाक एका फेरीत कमी-जास्त अंतर जातं. कपलिंगला वाटतं पुढं-मागं वेग वेगळा आहे, म्हणजे चाक घसरतंय, आणि ते सारखं धरायला जातं. आतल्या प्लेटा तापतात. चारही टायर एका कंपनीचे, एका मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे ठेवा. आधी चारही चाकांची नक्षी खोली मोजा, हवा सारखी करा, मग टू व्हीलच्या बटणावर तेच वळण घेऊन बघा. तिथं आवाज गेला तर इकडं घेऊन या.

डस्टरवाली

आत्ता मोजलं. पुढे सात मिलिमीटर, मागे साडेतीन. टू व्हीलला आवाज नाही. मागचे दोन टायर घ्यावे लागणार असं दिसतंय.

सीनाकाठ

तीन आठवड्यांनी अपडेट.

मागचं दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा ऑइल धुरकट होतं, ताकाचं पाणी मिसळावं तसं. तिसऱ्यांदा स्वच्छ निघालं. मग जीएल-५ भरलं. प्रत्येक वेळी प्लगला नवा वॉशर टाकला. जुना तांब्याचा वॉशर दाबून चपटा झालेला असतो, तो पुन्हा वापरून घाम येईपर्यंत आवळत बसण्यापेक्षा नवा बरा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरचं केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, तिथे पान्याला पाइप लावायचा मोह टाळला.

आवाज कमी झाला, गेला नाही. ॲक्सिलरेटर सोडला तरी येतो, म्हणजे काका म्हणाले तेच, बेअरिंग. मागच्या सोमवारी त्यांनी उघडलं. पिनियनच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके स्पष्ट दिसत होते, एका रेषेत, जिथे महिनाभर पाणी टेकून राहिलं असेल तिथे. दात वाचले. काकांनी बेअरिंग आणि सील बदलले, पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा नेमका ताण) स्वतः लावला. हे काम घरी करण्यासारखं नाही. ते करताना मी शेजारी दोन तास उभा होतो म्हणून खात्रीने लिहितो. डाव्या नकलचा आतला सीलही निघाला, दादांचं निदान बरोबर होतं.

ब्रीदरची टोपी काढून दोन्ही ॲक्सलना इंधनाची रबरी नळी जोडली आणि बोनेटच्या आत वरपर्यंत नेली. मागची नळी चॅसीला क्लिपने धरून नेताना वळणावर चिमटली जाणार नाही ना, सायलेन्सरला लागणार नाही ना, हे बघून घ्या. टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावला, धूळ जाऊ नये म्हणून.

सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाका आणि रात्रभर राहू द्या. वास मात्र दोन दिवस जात नाही. हातात नायट्राइलचे मोजे घाला.

पुन्हा पाण्यात जावं लागलंच, तर दुसऱ्याच दिवशी चारही ठिकाणचे वरचे प्लग उघडून बोट घालून बघणार आहे.

होटगीरोड

आज सकाळी थारखाली गेलो होतो. मागच्या डिफरन्शियलचा भरायचा प्लग अजिबात हलत नाही. खालच्याला हात लावला नाही. फवारा मारून ठेवलाय. काका, बुधवारी सकाळी आणू का?

नव्वद_नंबर

आणा. चालवतच आणा, ऑइल आत आहे. गरम गरम आलात तर लवकर सुटेल.